हप्त्याचे गणित : गृहकर्ज लवकर कसे फिटते?

किरणोत्सर्गी पदार्थाचा ऱ्हास, गरम चहाचे निवणे, पात्रात जिवाणूंची होणारी वाढ हे विषय तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचता. या सर्वांत एक समान सूत्र आहे. एखादी राशी किती वेगाने बदलते, हे ती राशी त्या क्षणी किती आहे यावर अवलंबून असते. असेच वागणारी आणखी एक राशी मुंबईच्या उपनगरांतील हजारो घरांत कपाटाच्या खणात ठेवलेली असते. तिचे नाव गृहकर्ज. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील ज्या घरात तुम्ही अभ्यासाला बसता, त्या घराचा हप्ता दरमहा आईवडिलांच्या पगारातून वळता होत असेल. हा हप्ता वीस वर्षे का चालतो? त्यात दरमहा थोडीशी भर घातली तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे काढण्यासाठी गुणाकार, भागाकार आणि थोडी चिकाटी एवढेच साहित्य पुरते.

उपनगरे आणि कर्ज

गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतून मराठी कुटुंबे उपनगरांकडे सरकू लागली, तेव्हा घर घेणे म्हणजे आयुष्याची पुंजी ओतणे असे. भविष्यनिर्वाह निधीतून उचललेली रक्कम, कचेरीच्या पतपेढीचे कर्ज, विम्याच्या पॉलिसीवरील कर्ज आणि घरातले दागिने यांची मोट बांधून सहकारी गृहनिर्माण संस्थेचे भाग घेतले जात. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर अशा वसाहती सरकारी गृहनिर्माण मंडळाने उभारल्या. १९७७ मध्ये ‘म्हाडा’ अस्तित्वात आली. त्याच वर्षी हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन’ ही संस्था निघाली. सर्वसामान्य पगारदाराला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणे हाच तिचा धंदा होता. (ही संस्था १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली.) १९८८ मध्ये राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली. पुढे सर्वच बँका या क्षेत्रात उतरल्या आणि ‘समान मासिक हप्ता’ हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला.

व्याजाचे गणित मात्र याहून कितीतरी जुने आहे. इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गणितपादात, व्याजाची रक्कम पुन्हा व्याजाने लावली असता एकूण रकमेवरून मूळ व्याज काढण्याची रीत दिली आहे. तीत वर्गसमीकरण सोडवावे लागते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) मुद्दल आणि व्याज यांची उदाहरणे आहेत. म्हणजे आपण जे करणार आहोत ते आपल्याकडे दीड हजार वर्षांपासून चालत आले आहे.

एक उदाहरण

मुलुंडच्या एका कुटुंबाने ४० लाख रुपये कर्ज घेतले असे समजू. मुदत २० वर्षे, म्हणजे २४० महिने. व्याजाचा दर द. सा. द. शे. ९. प्रत्यक्षातील दर गेल्या काही वर्षांत याच्या खाली-वर फिरत आलेला आहे, पण ९ ला १२ ने भागले की महिन्याचा दर पाऊण टक्का (०.००७५) असा सुटसुटीत येतो, म्हणून हा दर घेतला. घरातील कर्त्या व्यक्तीचे वय ४० आहे आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी आहे, हेही ध्यानात ठेवा. या दोन आकड्यांत एक अडचण दडली आहे. २० वर्षांचे कर्ज ६० व्या वर्षी फिटणार आणि पगार मात्र ५८ व्या वर्षी थांबणार.

पहिल्या महिन्याचे व्याज किती?

४०,००,००० × ०.००७५ = ३०,००० रुपये.

या कर्जाचा हप्ता ३५,९८९ रुपये येतो. तो कसा काढायचा ते पुढे पाहू. तूर्त त्याची फोड करू. ३५,९८९ पैकी ३०,००० व्याजात गेले. मुद्दलात जमा झाले केवळ ५,९८९ रुपये.

आता दुसरा महिना. मुद्दल ५,९८९ रुपयांनी घटले, म्हणून व्याजही ५,९८९ × ०.००७५ = ४५ रुपयांनी घटले. हप्ता तेवढाच असल्याने हे ४५ रुपये मुद्दलाच्या वाट्याला आले. मुद्दलाचा वाटा झाला ६,०३४ रुपये. तिसऱ्या महिन्यात तो ६,०७९ रुपये होतो. दरमहा मुद्दलाचा वाटा आदल्या महिन्याच्या १.००७५ पट होत जातो.

ज्या संख्यामालेत प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळते, तिला भूमितिश्रेढी म्हणतात. २४० महिन्यांचे हे सर्व वाटे मिळून ४० लाख व्हायला हवेत. श्रेढीच्या बेरजेच्या सूत्राने,

पहिले पद × (१.००७५ चा २४० वा घात − १) ÷ ०.००७५ = ४०,००,०००

१.००७५ चा २४० वा घात ६.००९ येतो. म्हणून कंसाची किंमत ५.००९ आणि तिला ०.००७५ ने भागले की ६६७.८९ येतात. ४० लाखांना ६६७.८९ ने भागा. उत्तर ५,९८९ येते. त्यात पहिल्या महिन्याचे ३०,००० रुपये व्याज मिळवले की हप्ता ३५,९८९ रुपये. बँकेच्या संगणकातही याहून वेगळे काही घडत नाही.

उलटा ऱ्हास

आता कर्जाची शिल्लक कशी उतरते ते पाहा.

आरंभी – ४०,००,००० रु.
५ वर्षांनी – ३५,४८,००० रु.
१० वर्षांनी – २८,४१,००० रु.
१५ वर्षांनी – १७,३४,००० रु.
२० वर्षांनी – शून्य

पहिल्या पाच वर्षांत कुटुंबाने ६० हप्ते, म्हणजे सुमारे २१ लाख ५९ हजार रुपये भरले. कर्ज उतरले फक्त ४ लाख ५२ हजारांनी. उरलेले १७ लाखांहून अधिक व्याजात गेले. शेवटच्या पाच वर्षांत मात्र तेवढ्याच हप्त्यांनी १७ लाख ३४ हजारांचे कर्ज नाहीसे होते.

किरणोत्सर्गी ऱ्हासाशी याची तुलना करा. तेथे पदार्थ जास्त असताना ऱ्हास वेगाने होतो आणि तो संपत आला की वेग मंदावतो. कर्जाचा आलेख नेमका उलटा आहे. आरंभी तो जवळजवळ आडवा असतो आणि अखेरीस कड्यासारखा कोसळतो. २० वर्षांच्या या कर्जाचे निम्मे मुद्दल फिटायला १४ वर्षे लागतात आणि उरलेले निम्मे ६ वर्षांत फिटते. हप्त्यात व्याजापेक्षा मुद्दलाचा वाटा मोठा होण्याचा प्रसंग १४९ व्या महिन्यात, म्हणजे बारा वर्षे उलटून गेल्यावर येतो.

असे का होते? एका हौदाची कल्पना करा. त्यात झऱ्याचे पाणी येते आणि हौदात जितके पाणी अधिक तितका हा झरा जोराने वाहतो. हा झरा म्हणजे व्याज. तळाची तोटी दरमहा ठरावीक पाणीच बाहेर सोडते. ही तोटी म्हणजे हप्ता. हौद भरलेला असताना झरा आणि तोटी यांचा जोर जवळजवळ सारखा असतो, म्हणून पातळी हलता हलत नाही. पातळी थोडी उतरली की झरा थोडा मंदावतो, त्यामुळे ती अधिक वेगाने उतरते, आणि झरा आणखी मंदावतो.

या चित्रातच आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आहे. पातळी ज्या वेगाने उतरते तो वेग म्हणजे तोटी आणि झरा यांच्या जोरांतील फरक. आरंभी हा फरक फार लहान असतो. म्हणून तोटी किंचित जास्त उघडली, तर हप्त्याच्या मानाने ती वाढ क्षुल्लक दिसेल, पण फरकाच्या मानाने ती मोठी असेल. हजार रुपये म्हणजे ३५,९८९ च्या पावणेतीन टक्के. पण ५,९८९ च्या मानाने तेच हजार रुपये जवळजवळ १७ टक्के आहेत!

जादा हजार रुपये

दरमहा हजार रुपये म्हणजे दिवसाला सुमारे ३३ रुपये, दोन-तीन कटिंग चहांची किंमत. पहिल्या हप्त्यापासूनच ते मुद्दलात जादा भरले तर काय होते, ते पुढे दिले आहे. (आकडे जवळच्या हजारात.)

जादा काही नाही : हप्ते २४०, एकूण व्याज ४६,३७,००० रु.
दरमहा १,००० जादा : हप्ते २२३, एकूण व्याज ४२,४९,००० रु.
दरमहा २,००० जादा : हप्ते २०९, एकूण व्याज ३९,२७,००० रु.
दरमहा ५,००० जादा : हप्ते १७७, एकूण व्याज ३२,२१,००० रु.

हजार रुपयांनी १७ महिने वाचले आणि सुमारे ३ लाख ८८ हजार रुपयांचे व्याज वाचले. दोन हजारांनी ३१ महिने वाचले. आपल्या मुलुंडच्या कुटुंबाचे कर्ज मग १७ वर्षे ५ महिन्यांत, म्हणजे कर्त्याच्या ५८ व्या वाढदिवसाच्या आधीच फिटते. निवृत्तीनंतर हप्ता भरण्याची वेळच येत नाही. व्याज किती वाचले यापेक्षा ही गोष्ट त्या घराच्या दृष्टीने मोठी आहे.

दरमहा जमत नसेल त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. दरवर्षी एक हप्ता जास्तीचा, म्हणजे बाराऐवजी तेरा. दिवाळीचा बोनस किंवा महागाईभत्त्याची थकबाकी हाती आली की तो भरता येतो. वर्षाच्या अखेरीस असा एक हप्ता भरत गेल्यास हेच कर्ज १६ वर्षे ७ महिन्यांत फिटते आणि सुमारे सव्वानऊ लाखांचे व्याज वाचते.

एक गोष्ट बारकाईने पाहा. पहिल्या हजाराने १७ महिने वाचवले, दुसऱ्या हजाराने १४. पाच हजारांनी एकूण ६३ महिने वाचतात, म्हणजे हजारी सरासरी तेराहूनही कमी. पहिल्या छोट्या रकमेचा परिणाम सर्वांत मोठा असतो. म्हणून ‘एवढ्याशा पैशांनी काय होणार?’ असे म्हणणाऱ्याचे गणित कच्चे आहे.

तुमच्या घरचे कर्ज ४० लाखांचे नसेल. हरकत नाही. दर आणि मुदत सारखी असेल तर सर्व आकडे एकाच प्रमाणात बदलतात. १० लाखांच्या कर्जावर २५० रुपये जादा भरले तरी १७ महिनेच वाचतील.

आज की पंधरा वर्षांनी?

घरात एकदम एक लाख रुपये आले. ते कर्जात भरायचे आहेत. पहिल्या वर्षाच्या अखेरीस भरले तर १४ हप्ते पूर्णपणे टळतात, शेवटचा हप्ताही निम्मा होतो आणि व्याजात सुमारे ४ लाख २२ हजार रुपये वाचतात. तेच एक लाख पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले तर चार हप्ते टळतात आणि सुमारे ५५ हजारच वाचतात.

याचे कारण चक्रवाढ. ७२ ला व्याजदराने भागले की रक्कम दुप्पट होण्यास लागणारी वर्षे साधारणपणे मिळतात. ९ टक्क्यांना ही वर्षे ८ येतात. कर्जाच्या मुदतीची ८ वर्षे उरली असताना जादा भरलेला रुपया अखेरपर्यंत दोन रुपयांचे काम करतो, १६ वर्षे उरली असताना भरलेला रुपया चारांचे, आणि पहिल्या दिवशी भरलेला रुपया सहांचे. मघाचा ६.००९ हा आकडा तो हाच.

येथे प्रामाणिकपणे एक खुलासा केला पाहिजे. वीस वर्षांनी वाचणारे सहा रुपये आणि आजचा एक रुपया यांची नुसती वजाबाकी करून ‘पाच रुपयांचा फायदा’ म्हणणे बरोबर नाही. वीस वर्षांत महागाईने रुपयाची किंमत घटलेली असेल. शिवाय तो रुपया दुसरीकडे गुंतवला असता तर तेथेही तो वाढलाच असता. म्हणून नेमके विधान असे : कर्जात जादा भरलेला रुपया हा ९ टक्के दराने, कोणत्याही धोक्याशिवाय ठेवलेल्या ठेवीसारखा असतो. याहून जास्तही नाही आणि कमीही नाही.

दामदुप्पट आणि आजचे कर्ज

जुन्या धर्मशास्त्रात ‘दामदुप्पट’ नावाचा नियम होता. सावकाराने एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक नसावे, असा त्याचा अर्थ. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हा नियम मानीत. आपल्या उदाहरणात ४० लाखांवर ४६ लाख ३७ हजार व्याज गेले, म्हणजे दामदुप्पट ओलांडली असे कोणी म्हणेल. पण तो नियम थकून साचलेल्या व्याजाला लागू होता, वीस वर्षांत महिन्याच्या महिन्याला चुकत्या केलेल्या व्याजाच्या बेरजेला नव्हे. येथे बँकेने काही लबाडी केलेली नाही. व्याज जास्त झाले कारण मुद्दल फार काळ मोठे राहिले. म्हणून उपायही तोच, ते लवकर लहान करणे.

हेच गणित उलट फिरले तर

छोटी भर जसा मोठा परिणाम करते, तशीच छोटी तूटही करते. याची दोन उदाहरणे सर्वांनी अलीकडेच पाहिली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी लागू झाली. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलण्याची सवलत प्रथम तीन महिन्यांसाठी आणि पुढे ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत, अशी एकूण सहा महिने देऊ केली. तोटी बंद झाली, झरा मात्र चालूच होता. आपले ४० लाखांचे कर्ज अगदी आरंभीच सहा महिने थांबले असे धरा. शिल्लक ४१ लाख ८३ हजार होते. पुढे पूर्वीचाच हप्ता चालू ठेवला तर २४० ऐवजी २७५ हप्ते भरावे लागतात. सहा हप्ते थांबवले आणि पस्तीस वाढले! पुढे सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या काळातील चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतील फरक कर्जदारांना परत दिला. आपल्या उदाहरणात हा फरक सुमारे ३,४०० रुपये भरतो. १ लाख ८० हजारांचे सरळ व्याज मात्र कर्जात मिसळलेलेच राहते. ज्यांचा पगारच बंद झाला त्यांना ही सवलत घेणे भाग होते. ज्यांना हप्ता भरणे शक्य होते, त्यांनी मात्र हे गणित आधी करणे हिताचे होते.

दुसरे उदाहरण व्याजदराचे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. बहुतेक गृहकर्जांचे दर बदलते असतात, त्यामुळे तेही चढले. ७ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ४० लाखांच्या कर्जाचा हप्ता ३१,०१२ रुपये येतो. वर्षभर हप्ते भरल्यावर शिल्लक सुमारे ३९ लाख ५ हजार राहते. सोयीसाठी सगळी अडीच टक्क्यांची वाढ याच वेळी एकदम झाली असे धरू. दर झाला साडेनऊ. महिन्याचे व्याज ३०,९१३ रुपये. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जमा होणारी रक्कम ९९ रुपये!

भौतिकशास्त्रात याला अस्थिर समतोल म्हणतात. टेकडीच्या अगदी माथ्यावर गोटी ठेवावी तसे हे आहे. झरा आणि तोटी तंतोतंत सारखी झाली की पातळी स्थिर राहते. झरा किंचित जोरात झाला की हप्ता भरूनही कर्ज वाढत जाते. तोटी किंचित जास्त उघडली की ते उतरू लागते. अशा वेळी दरमहा जादा भरलेले हजार रुपये केवळ काही महिने वाचवत नाहीत, तर गोटी कोणत्या बाजूने घरंगळणार हे ठरवतात. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी, आणि मुदत वाढवताना हप्ता व्याजालाही न पुरण्याची स्थिती येऊ देऊ नये, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्या.

आधी शिल्लक, मग जादा हप्ता

एवढे वाचून घरातला प्रत्येक रुपया कर्जात ओतावा असे वाटेल. तसे करू नये. कर्जात भरलेला पैसा घराच्या भिंतींत जातो. उद्या कोणी आजारी पडले, नोकरी गेली, तर भिंत फोडून तो काढता येत नाही. मुंबईने याचा कटू अनुभव घेतला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले. हाताशी शिल्लक असणे म्हणजे काय, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

म्हणून क्रम असा असावा. पहिले, घरखर्च आणि हप्ता मिळून तीन ते सहा महिन्यांची रक्कम बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा ठेवीत असावी. दुसरे, याहून महाग कर्ज आधी फेडावे. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन टक्के किंवा त्याहूनही अधिक व्याज लागू शकते. ते वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या वर जाते, त्यापुढे गृहकर्जाचे नऊ टक्के किरकोळ आहेत. तिसरे, आजारपणाचा आणि आयुष्याचा विमा असावा. त्यानंतर जे उरेल ते कर्जात.

आता ठेव आणि कर्ज यांची तुलना करू. एक लाख रुपये ७ टक्के व्याजाच्या ठेवीत ठेवले तर वर्षाला ७,००० मिळतील. त्यावर २० टक्के प्राप्तिकर भरावा लागत असेल तर हाती ५,६०० येतील. तेच लाख ९ टक्क्यांच्या कर्जात भरले तर वर्षाला निदान ९,००० रुपये व्याज वाचेल आणि वाचलेल्या व्याजावर कर नाही. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत गृहकर्जाच्या व्याजासाठी काही वजावट मिळते. ती घेणाऱ्याच्या बाबतीत कर्जाचा खरा दर थोडा कमी धरावा. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट नाही. कर्जाच्या दराहून अधिक परतावा देणारी गुंतवणूक असते, पण तिच्यात बहुधा जोखीम असते. जोखीम किती घ्यायची याचे उत्तर गणित देत नाही. ते ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून ठरवायचे.

बँकेत काय विचारावे?

जादा रक्कम भरताना तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.

(१) ही रक्कम मुद्दलात जमा होईल ना? पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून ती धरली गेली तर आपले सर्व गणित फुकट जाते.

(२) हप्ता कमी होणार की मुदत? काही ठिकाणी जादा रकमेनंतर मुदत तीच ठेवून हप्ता उतरवतात. आपल्या तक्त्यातील बचत हवी असेल तर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करण्यास सांगावे.

(३) शिलकेवर व्याज केव्हा आकारतात? पूर्वी काही संस्था वर्षारंभीच्या शिलकेवर वर्षभर व्याज लावीत. मध्येच भरलेल्या पैशांचा उपयोग वर्षअखेरीपर्यंत होतच नसे. आता मासिक किंवा दैनिक शिलकेची पद्धत रूढ आहे, तरी करारपत्र वाचावे.

बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बँकांना मनाई केली. ठरावीक दराच्या कर्जाला मात्र दंड असू शकतो. तो असेल तर बचतीतून वजा करून मगच निर्णय घ्यावा.

करून पाहा

१. वहीत पाच रकाने आखा : महिना, आरंभीची शिल्लक, व्याज, मुद्दलाचा वाटा, अखेरची शिल्लक. वरच्या उदाहरणाचे बारा महिने हाताने भरा. वर्षअखेरीस शिल्लक ३९,२५,०९२ रुपयांच्या आसपास यावी.

२. शाळेच्या संगणकावर हाच तक्ता २४० ओळींपर्यंत न्या आणि शिलकेचा आलेख काढा. त्याच कागदावर किरणोत्सर्गी ऱ्हासाचा आलेख काढून दोहोंचा बाक कोणत्या दिशेला आहे ते पाहा.

३. दरमहा ५०० रुपयेच जादा भरले तर किती हप्ते लागतील? (उत्तर : २३१ पूर्ण आणि एक अगदी छोटा.)

४. व्याजदर किती झाला असता ४० लाखांच्या पूर्ण शिलकेवर ३५,९८९ रुपयांचा हप्ता केवळ व्याजालाच पुरेल? (उत्तर : सुमारे १०.८ टक्के.)

शिक्षकांना सूचना : भूमितिश्रेढी आणि घातांकी वाढ शिकवताना हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला घरच्या कर्जाचे आकडे वर्गात सांगायला लावू नये. काल्पनिक आकडे पुरेसे आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, बँकेची पत्रे बहुधा इंग्रजीत येतात आणि घरातली मोठी माणसे ती न वाचताच खणात ठेवून देतात. एखाद्या रविवारी आईवडिलांच्या परवानगीने त्यांतील शिल्लक, दर आणि उरलेले महिने हे तीन आकडे मागून घ्या. वरच्या पाच रकान्यांत ते मांडा. जादा हप्ता भरायचा की नाही, हे घरची मंडळी आपल्या मिळकतीप्रमाणे ठरवतील. पण पाचशे रुपयांनी नेमके किती महिने वाचतात, हे त्यांना सांगण्याचे काम तुम्ही करू शकता.